कळतं, पण वळत नाही

सकाळी फिरायला जायचं, मीठ कमी करायचं, बीपीची गोळी चुकवायची नाही, हे सगळं ठाऊक असतं आणि मनापासून ठरवलेलंही असतं. तरी आठवडाभरात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. खापर आळसावर फुटतं. कारण बरेचदा वेगळं असतं.

धाकापेक्षा नकाशा भारी

हॉवर्ड लेव्हेंथल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना धनुर्वाताची माहितीपत्रकं वाचायला दिली. हा अभ्यास १९६५ साली प्रसिद्ध झाला. काही पत्रकं अंगावर काटा आणणारी होती. ती वाचून लस घ्यायचा इरादा पक्का झाला, पण तेवढ्यावर लस घेणारे मोजकेच निघाले. काहींना मात्र आरोग्य केंद्राचा नकाशा दिला आणि आठवड्यात कधी जमेल ते ठरवायला सांगितलं. त्यांच्यातले सुमारे २८ टक्के गेले. असा आराखडा न मिळालेल्यांतले जेमतेम ३ टक्के.

फायदा उधार, त्रास रोख

वाढलेला रक्तदाब बहुधा जाणवत नाही. गोळी चुकली तरी त्या दिवशी काही बिघडलेलं दिसत नाही. लोणचं-पापड सोडल्याचं मात्र जिभेला लगेच कळतं. आणि टळलेला पक्षाघात कुणाला दिसणार?

सवय विचारून येत नाही

चहाचा कप समोर आला की हात आपसूक बिस्किटांच्या डब्याकडे जातो. दमलेल्या संध्याकाळी तर सवयीचंच राज्य. नवी सवय लागायला वेळ लागतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या २०१०च्या अभ्यासात त्याला साधारण ६६ दिवस लागले. माणसागणिक हा काळ १८ ते २५४ दिवस होता. मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही.

'जमेल तेव्हा' नको

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांचा उपाय साधा आहे: संकल्प 'अमुक झालं की तमुक करीन' असा बांधायचा. 'रोज चालेन' याऐवजी 'रात्रीची जेवणं आवरली की चौकातल्या देवळापर्यंत जाऊन येईन'. गोळी नाश्त्यानंतरची असेल, तर पट्टी ताटाशेजारीच काढून ठेवायची. गॉलविट्झर आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये ९४ चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा ही युक्ती बऱ्यापैकी लागू पडल्याचं दिसलं.

युक्तीची मर्यादा

इरादाच कच्चा असेल, तर वेळ ठरवून उपयोग नाही. गोळ्या परवडत नसतील किंवा चालायला धड रस्ता नसेल, तर माणसाच्या निर्धाराला नावं ठेवणं अन्यायाचं. म्हणून 'व्यायाम करा' एवढं सांगून डॉक्टरांनी थांबू नये. 'किती वाजता, कुठे?' हेही विचारावं. उत्तर आलं नाही, तर खरी अडचण तिथेच कळेल.