जवळा, सुकट आणि नोंदींची बेगमी

जिलेबी आपल्याकडे केव्हापासून आहे? चाळीसच्या दशकात परशुराम कृष्ण गोडे यांनी या प्रश्नावर एक संशोधनलेखच लिहिला. गोडे 1919पासून पुढची चार दशकं पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर होते आणि त्यांचं आयुष्य हस्तलिखितांमध्ये गेलं. त्यांची पद्धत साधी पण कष्टाची होती. एक पदार्थ घ्यायचा, त्याचा उल्लेख जिथे जिथे सापडेल तो टिपायचा, त्याचा काळ ठरवायचा आणि सगळे उल्लेख ओळीने मांडायचे. पंधराव्या शतकातली एक जैन कथा आणि रघुनाथ गणेश नवहस्ताचा सतराव्या शतकातला ‘भोजनकुतूहल’ हे दोन्ही जिलेबीच्या निमित्ताने एकाच लेखात येतात. हरभऱ्यावर, भाजलेल्या धान्यांवर आणि तांबुलावरही त्यांनी असंच लिहिलं. महाराष्ट्रात अन्नावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे लेख एकदा तरी वाचावेत. ते पाककृतींसाठी लिहिलेले नाहीत, तरीही वाचताना भूक लागते.

मी नवी मुंबईत राहते, अन्नावर लिहिते आणि गेल्या काही वर्षांत माझं मन दुसऱ्याही एका गोष्टीत रमू लागलं आहे. तिला सध्या ‘पर्सनल नॉलेज मॅनेजमेंट’ किंवा नुसतं ‘पीकेएम’ म्हणतात. वाचलेलं, ऐकलेलं, सुचलेलं अशा रीतीने टिपून ठेवायचं की पाच वर्षांनीही ते हाताशी यावं आणि एक टिपण दुसऱ्याला जोडलेलं असावं, एवढाच त्याचा गाभा. या मंडळींचं दैवत म्हणजे जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लूमान (1927–1998). त्यांनी सुमारे 90,000 चिठ्ठ्या लिहिल्या. प्रत्येक चिठ्ठीला क्रमांक होता आणि तिच्यावर दुसऱ्या चिठ्ठ्यांचे संदर्भ असत. दोन जुन्या चिठ्ठ्यांच्या मध्ये नवी घालायची झाली तर क्रमांकाला अक्षर जोडायचं. ती कपाटं आज बीलेफेल्ड विद्यापीठाकडे आहेत. हेच काम आता ऑब्सिडियन, लॉगसेक, नोशन अशी सॉफ्टवेअर करतात.

जर्मनीपर्यंत जाण्याची तशी गरजही नाही. पुण्यात येरवड्याजवळ डेक्कन कॉलेजमध्ये 1948 साली सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकाराने संस्कृतच्या ऐतिहासिक महाकोशाचं काम सुरू झालं. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचले गेले आणि चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. तो शब्द कुठल्या ग्रंथात, कुठल्या ठिकाणी, कुठल्या वाक्यात आला हे चिठ्ठीवर असतं. कोशाचा पहिला भाग छापून आला 1976 साली, म्हणजे वेचणी आणि लावणीतच अठ्ठावीस वर्षं गेली. गोडे आणि हा कोश, दोघांकडून मी एकच गोष्ट उचलली. ठाव-ठिकाणा नसलेल्या नोंदीवर नंतर काहीच उभं राहत नाही. अन्नाच्या बाबतीत तर ठाव-ठिकाणा म्हणजे निम्मी चव.

नवी मुंबईत हे विशेष जाणवतं. मार्च 1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि 95 गावांच्या जमिनींवर हे शहर वसवायचं ठरलं. भातशेती, मिठागरं आणि खाडी यांवर जगणारी आगरी-कोळी गावं होती ती. करावे, सारसोळे, दिवाळे, घणसोली, कोपरखैरणे ही नावं आज स्टेशनांवर, बसच्या पाट्यांवर आणि सेक्टरांच्या मधोमध दिसतात. पुढे मुंबईतले घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने तुर्भ्याला आले. त्यांच्या पाठोपाठ सातारा, सांगली, कोल्हापूर, पुण्याकडचे माथाडी कामगार इथे स्थिरावले. शिवाय वाशीत केरळ, आसाम, ओडिशा यांची भवनं आहेत. एका रविवारी चार भाकऱ्यांची चार पिठं या शहरात सहज सापडतात. टिपण्यासारखं भरपूर आहे, पण ते ठेवायचं कुठे आणि कसं, हा प्रश्न इथल्या अन्नलेखकाला सुटत नाही.

एक नोंद उघडून दाखवते. शीर्षक ‘जवळा, सुका’. महिना मे. सांगणारी बाई मूळची दिवाळ्याची, नांदते करावे गावात. जवळा आधी तव्यावर कोरडाच भाजायचा, सुपात पाखडून त्यातला कचरा आणि मिशा काढायच्या, मग पाण्यातून काढून घट्ट पिळायचा. तेलात ठेचलेला लसूण, भरपूर कांदा, हळद, घरचा आगरी मसाला, वरून कैरीच्या फोडी. पाणी जवळजवळ नाहीच. सोबत उकडीची तांदळाची भाकरी. तिने सांगितलेलं एक वाक्य मी तसंच ठेवलं आहे: ‘कैरी हाय तंवर कोकम काहाला काढाचा?’ या एका वाक्यात पदार्थाचा ऋतू आला. पाककृतीच्या पुस्तकात तिथे ‘आमसूल किंवा कैरी, आवडीप्रमाणे’ एवढंच छापलं असतं.

या नोंदीतून पहिली जोडणी जाते ‘आगोट’ या नोंदीकडे. पाऊस सुरू होण्याआधी घरात सुकी मासळी, मसाला, मीठ, सरपण भरून ठेवायचं, ही आगोटीची बेगमी. राज्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, पण बंदीचा कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून उधाणाने हा नियम घालून दिला होता. दुसरी जोडणी मसाल्याकडे जाते. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून डंकावर कांडून आणायच्या. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं आणि प्रत्येकीला आपलंच बरोबर वाटतं.

तिसरी जोडणी मला स्वतःला फार महत्त्वाची वाटते. कोपरखैरण्याच्या माथाडी वस्तीत एका कोल्हापूरकडच्या घरी मी ‘सुकट’ खाल्ली होती. भाजलेली, कोरडी, कांदा-लसूण चटणी घातलेली, ज्वारीच्या भाकरीवर ठेवलेली. माझ्याकडे ‘सुकट’ ही नोंद वेगळी आणि ‘जवळा’ ही वेगळी होती. दोन्ही शेजारी आल्यावर दिसलं की कोळंबीहून बारीक असलेला हा एकच जीव. सुकला की टिकतो म्हणून तो घाट चढला, आठवडी बाजारात पोचला आणि पिढ्या गेल्यावर त्याला घाटावर जपणारी माणसं कामाच्या शोधात पुन्हा खाडीकाठी आली. एक घर त्याला कैरी घालतं, दुसरं चटणी. मधलं अंतर रिक्षाने वीस मिनिटांचं. त्या जोडणीतून लेख झाला. नुसती पदार्थांची यादी ठेवली असती तर झाला नसता.

मराठीत नोंदी ठेवणाऱ्याला एक अडचण इंग्रजीवाल्यांपेक्षा जास्त येते. आगरी बोलीत ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ण’चा ‘न’. जवळा तिथे ‘जवला’. शिवाय ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ आहेच. कोलीम, कोलिम, कोळीम अशी एकाच बारीक मासळीच्या नावाची तीन रूपं माझ्याच जुन्या कात्रणांत आहेत. संगणक अक्षर बदललं की शब्द ओळखत नाही. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर त्या वस्तूची सगळी नावं लिहून ठेवायची. ऑब्सिडियनमध्ये याची सोय ‘अलायस’ म्हणून आहे. बोलीतलं रूप मात्र सुधारून प्रमाण करायचं नाही. ते रूपच पुरावा आहे.

मापांचंही असंच. जुन्या बायका मापटं, चिपटं, शेर, पायली यांत बोलतात. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. ही भरण्याची मापं आहेत, वजनाची नाहीत. मापटंभर तांदूळ आणि मापटंभर पोहे यांचं वजन कधीच सारखं भरणार नाही. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने (1970) वाटी-चमच्याचं माप घरोघरी रुजवलं, ते शहरातल्या नव्या संसारांना फार उपयोगी पडलं. माझ्या नोंदीत मी बाईने सांगितलेलं माप आधी लिहिते आणि शक्य असेल तर तिच्याच घरी काट्यावर तोलून ग्रॅम त्याच्या खाली. पहिलं पुसून दुसरं कधी लिहीत नाही.

आणखी एक रकाना मला आग्रहाने सुचवायचा आहे: माहेर आणि सासर. आपल्याकडे पदार्थ बहुतेक वेळा लग्नाबरोबर प्रवास करतो. ‘ही करावे गावची पद्धत’ असं लिहिताना सांगणारी बाई उरणहून आलेली असेल, तर पद्धत कोणाची? दोन्ही गावं लिहिली की काही वर्षांनी नकाशाच तयार होतो. सांगणाऱ्या बाईचं नाव छापायचं का, हेही तिथेच विचारून लिहून ठेवावं. तिची परवानगी ही नोंदीचाच भाग आहे.

आता वेळेचं. ही जोडाजोड मोहात पाडते. टॅग लावणं, रंग देणं, जाळ्याचं चित्र पडद्यावर फिरवून पाहणं यात संध्याकाळ सहज जाते आणि तेवढ्या वेळात दिवाळ्याच्या बाजारात मासळी येऊन विकलीही जाते. पीकेएमवरचं बरंचसं लेखन पीकेएमबद्दलच असतं, याचं मला वाईट वाटतं. एवढी सुरेख हत्यारं आणि त्यांनी घडवायला वस्तूच नाही. म्हणून मी काम वाटून घेतलं आहे. नोंद त्याच दिवशी, हाताला वास असेपर्यंत लिहायची, मग ती ओबडधोबड का असेना. जोडण्या मात्र लेख लिहायला घेतल्यावरच करायच्या, कारण कोणती नोंद कोणाजवळ बसते हे लिहिता लिहिताच कळतं. बाजाराची वेळ असताना संगणक उघडायचा नाही. आगोटीला भरलेला जवळा पुढच्या मोसमाआधी संपवावा लागतो, तसा वर्षभर हात न लागलेला नोंदींचा कप्पा मी दर मे महिन्यात उघडून बसते. त्यातलं काही लेखात जातं, काही पुन्हा विचारायला त्याच घरी घेऊन जाते.

सगळ्या नोंदी साध्या मजकुराच्या फाइलींत आहेत, म्हणजे सॉफ्टवेअर बंद पडलं तरी वाचता येतील. ज्या घरातून माहिती मिळाली त्या घरी तिची छापील प्रत देते. करावे गावातल्या त्या बाईच्या सुनेने प्रत वाचली आणि सांगितलं की त्यांच्याकडे कैरी संपल्यावर कोकम नाही, चिंच घालतात. मी तिचं माहेर विचारलं. पेण. नवी नोंद तिथून सुरू झाली आहे.