परसातील खानेसुमारी

निसर्गाचे दर्शन घ्यावयाचे तर दूरच्या अरण्यात, दुर्गम घाटात किंवा एखाद्या अभयारण्याच्या हद्दीतच गेले पाहिजे, अशी जी समजूत सुशिक्षित समाजात रूढ झालेली आहे, तिच्यामुळे आपल्या ओसरीच्या वाशांत, कढीपत्त्याच्या पानांखाली आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेल्या केळीच्या बुंध्याशी जी विपुल जीवसृष्टी वर्षानुवर्षे नांदत असते, तिची दखल घेण्याचे आपल्याला सुचतच नाही. शास्त्रज्ञांनी नावे देऊन नोंदलेल्या कीटकांच्या जाती सुमारे १० लाख आहेत. इतर सर्व प्राण्यांच्या ज्ञात जाती एकत्र केल्या तरी त्यांची बेरीज या संख्येपर्यंत पोचत नाही. एवढ्या अफाट प्रजेचे काही प्रतिनिधी प्रत्येक घराच्या आवारात कायमचा मुक्काम करून राहिलेले असतात. त्यांची ओळख करून घेण्यास प्रवासखर्च लागत नाही, परवाना लागत नाही; लागते ती एकाच जागी पुनःपुन्हा जाऊन पाहण्याची चिकाटी.

या विद्येचा एक थोर उपासक महाराष्ट्राच्याच भूमीवर जन्मास आला होता. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यांचा जन्म १८५१ साली सातारा येथे झाला. मुंबई सरकारच्या जकात व मीठ खात्यात नोकरी करीत असता कच्छच्या रणालगतच्या खारघोड्यासारख्या रुक्ष ठाण्यावर त्यांची नेमणूक झाली. आणि जेथे मिठाशिवाय पाहण्यासारखे काही नाही असे दुसऱ्या एखाद्या अंमलदाराने सरकारला लिहून कळविले असते, तेथे आपल्या बंगल्यात व बंगल्याभोवती राहणाऱ्या मुंग्या, डास, फुलपाखरे, पाली आणि उंदीर यांच्यावर त्यांनी ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटिअर’ हे रसाळ पुस्तक लिहिले. ते १८८३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी १५ सप्टेंबर रोजी मुंबईत आठ गृहस्थांनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्या आठांत एटकेन होते, पतंगांचे अभ्यासक कर्नल स्विन्हो होते, तसेच डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे आपल्याकडील दोन विद्वान डॉक्टरही होते. पुढे डासाच्या एका जातीला एटकेन यांचे नाव देण्यात आले. सरकारी दप्तर सांभाळून उरलेल्या वेळात, घराच्या चतुःसीमेत, केवढे काम होऊ शकते याचा हा दाखला आहे.

प्रथम कीटक कोणाला म्हणावे हे ध्यानात घेतले पाहिजे. डोके, वक्ष आणि उदर असे शरीराचे तीन भाग, वक्षाला जोडलेले सहा पाय आणि डोक्यावर दोन शृंगिका, ही त्याची लक्षणे. या कसोटीने कोळी कीटकांतून वगळला जातो, कारण त्याला आठ पाय असतात. आणि मृग नक्षत्राच्या पहिल्या सरीनंतर ओल्या मातीवर जो लाल मखमली मृगाचा किडा फिरताना दिसतो व ज्याच्या दर्शनाने शेतकऱ्याचे मन प्रसन्न होते, तोही त्याच कारणाने कोळ्यांच्या गोतावळ्यात जातो. परंतु लक्षणे पाठ करणे ही केवळ पूर्वतयारी होय. कीटकाचे खरे जीवन अंडे आणि पंख यांच्यामधल्या काळात, बहुधा आपल्या नजरेआड, घडत असते. आणि तो मधला काळ ज्याने पाहिला त्यालाच कीटक कळला, असे माझे निश्चित मत आहे.

या मताचे उत्तम उदाहरण भिंतीवरच सापडते. पातळ कमरेची कुंभारीण डबक्याकाठची ओली माती तोंडात धरून आणते आणि दाराच्या चौकटीवर, तसबिरीच्या मागे किंवा वाशाच्या कोपऱ्यात घर बांधते. हिच्यात दोन तऱ्हा आहेत: एक संक्रांतीच्या सुगडासारखे अरुंद तोंडाचे लहानसे मडके घडवते व त्यात हिरव्या अळ्या भरते; दुसरी मातीच्या लांबट कोठड्या एकीला एक लागून बांधते व त्यांत कोळी साठवते. प्रत्येक कोठडीत एकेक अंडे घातले जाते आणि तोंड मातीने लिंपले जाते. काही दिवसांनी त्या बंद घराला भोक पडते आणि आतून नवी कुंभारीण बाहेर येते.

आपल्या पूर्वजांनी हे दृश्य बारकाईने पाहिलेले होते. आत अळी कोंडली गेली आणि बाहेर भृंग आला, तेव्हा अळीने भयाने भृंगाचे अखंड ध्यान केल्यामुळे ती तद्रूप झाली असली पाहिजे, असे अनुमान त्यांनी काढले, आणि त्यातूनच भृंगकीटकन्याय निर्माण झाला. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने जे चोवीस गुरू सांगितले आहेत, त्यांत या कीटकाला स्थान आहे, आणि त्याच स्कंधावरील आपली टीका एकनाथांनी १५७३ साली काशीक्षेत्री पूर्ण केली. दृष्टांत म्हणून त्याची थोरवी आजही अबाधित आहे. तथापि बंद कोठडीत प्रत्यक्ष जे घडते तेही कमी विस्मयकारक नाही. कुंभारीण आपल्या भक्ष्याला ठार मारीत नाही. नांगीच्या दंशाने ती त्याला बधिर करते, त्यामुळे ते निश्चल पडते पण सडत नाही, आणि अंड्यातून निघालेल्या तिच्या अपत्याला वाढ पुरी होईपर्यंत ताजे अन्न मिळते. फ्रान्समध्ये जाँ आंरी फाब्र या शिक्षकाने अशा शिकारी माश्यांच्या निरीक्षणात आपले आयुष्य वेचले. १८७९ साली सेरिन्याँ गावी घेतलेल्या खडकाळ, ओसाड आवारातच त्याने आपली प्रयोगशाळा थाटली आणि पुढे दहा खंडांत आपली निरीक्षणे लिहून ठेवली.

भिंतीवरून दृष्टी वर नेली म्हणजे वाशांत किंवा मांडवाच्या बांबूत बोट शिरेल एवढे वाटोळे भोक आणि त्याखाली पडलेला भुसा दिसतो. हे घर निळसर चकाकणाऱ्या पंखांच्या काळ्या भुंग्याचे. भुंग्याची मादी वाळलेले लाकूड कोरून लांब बोगदा करते, परागकण आणि मध यांचा गोळा ठेवून त्यावर अंडे घालते, आणि लाकडाच्या भुशाचीच भिंत घालून पुढची खोली आखते. कोरडे लाकूड पोखरणाऱ्या या भ्रमराचा दृष्टांत ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात आलेला आहे. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीच्या मराठी श्रोत्यांना हा कीटक आणि त्याचे सामर्थ्य ही दोन्ही घरोब्याची होती. ती ओळख आपण अलीकडे गमावली.

आता परसात उतरू. लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखा काळपट, मध्ये पांढरा डाग असलेला ठिपका दिसला, तर तो पुसून टाकण्यापूर्वी जवळून पाहावा. ती काळ्या पंखांवर पिवळसर ठिपके मिरवणाऱ्या फुलपाखराची लहान अळी असण्याचा बराच संभव असतो. पक्ष्यांच्या नजरेतून निसटण्यासाठी तिने घेतलेले हे सोंग लहानपणापुरतेच असते. मोठी झाल्यावर ती कात टाकून पानांच्या रंगाची हिरवी होते, आणि डिवचले असता डोक्यामागून उग्र वासाचे दुफाटे शिंग बाहेर काढते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, ते काळ्या-निळ्या पंखांचे भव्य नीलवंतही लिंबाच्याच कुळातील झाडांवर वाढते. म्हणून लिंबाची चार पाने अळीने खाल्ली तर तो तोटा समजू नये.

कुंपणाशी, जिची पाने शनिवारी मारुतीला वाहतात ती रुई असेल, तर तिच्यावर काळ्या, पांढऱ्या व पिवळ्या पट्ट्यांची अळी उघड्यावर निर्धास्तपणे चरताना आढळेल. रुईच्या चिकातील विषारी द्रव्ये तिच्या शरीरात साठतात, तिच्यापासून होणाऱ्या नारिंगी फुलपाखरातही उतरतात, आणि एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेस जात नाही. त्याहून नवलाची गोष्ट अशी की, अंगी विष नसलेल्या एका निराळ्या फुलपाखराची मादी हुबेहूब हाच वेष धारण करून तेच अभय मिळवते.

ओसरीच्या कडेला, पावसाचे पाणी न पोचणाऱ्या भुसभुशीत धुळीत, लहान शंक्वाकृती खड्डे दिसतात. प्रत्येकाच्या तळाशी मातीत दडून, जबड्यांचा चिमटा उघडा ठेवून, एक अळी मुंगीची वाट पाहत असते. मुंगीचा पाय घसरला की ती तिच्यावर धुळीचा मारा करून तिला खाली पाडते. हीच क्रूर अळी कालांतराने कोषात जाते आणि जाळीदार पंखांचा, टाचणीची आठवण करून देणारा नाजूक कीटक होऊन रात्री दिव्यापाशी येते. खड्डा पाहणारे पुष्कळ असतात, दिव्यापाशी तो कीटक पाहणारेही असतात; दोघांचे नाते जाणणारे मात्र विरळा.

मुंग्यांचा कारभार तर स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. कोवळ्या शेंड्यावर मावा पडला की मुंग्यांची ये-जा सुरू होते, कारण माव्याच्या शरीरातून स्रवणारा गोड रस त्यांना हवा असतो, आणि त्या मोबदल्यात त्या माव्याच्या शत्रूंना हुसकून लावतात. या शत्रूंपैकी प्रमुख म्हणजे ज्याला आपले शेतकरी ढालकिडा म्हणतात तो लाल पाठीवर काळे ठिपके असलेला भुंगेरा. तो आणि त्याची अळी दोघेही मावा खातात. कोकणात आंब्यावर राहणारे तांबडे हुमले पाने शिवून घर करतात, परंतु शिवण्याचा धागा प्रौढ हुमल्यापाशी नसतो. तो त्यांच्या अळ्यांच्या तोंडातून निघतो, म्हणून कामकरी मुंग्या अळीलाच तोंडात धरून एका पानाच्या कडेवरून दुसऱ्या पानाच्या कडेवर फिरवतात.

रात्रीचे दर्शन आणखी निराळे. पांढरे धोतर दोरीवर पसरून त्यामागे दिवा लावला तर घटकाभरात पतंग, भुंगेरे आणि तुडतुडे यांची दाटी होते. अंधारातून ऐकू येणारा रातकिड्याचा स्वर नराच्या पुढच्या पंखांच्या घर्षणातून निघतो, आणि तो ऐकणारे कान त्याच्या पुढच्या पायांवर असतात. दिवसा, भाद्रपद-आश्विनात, मोकळ्या माळावर थव्यांनी घिरट्या घालणारे सोनेरी चतुर पाहून ते याच गावचे रहिवासी आहेत असे वाटते. पण चार्ल्स अँडरसन या अभ्यासकाने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनुसार, त्यांच्यातील असंख्य चतुर भारताकडून समुद्र ओलांडून ऑक्टोबरच्या सुमारास मालदीव बेटांवर उतरतात आणि पुढे पूर्व आफ्रिकेच्या दिशेने जातात.

या छंदाची साधने थोडी आहेत: दहापट मोठे दाखवणारे भिंग, एक रोजनिशी, तोंडाला मलमलीचा तुकडा बांधलेली काचेची बरणी आणि एक जुनी छत्री. छत्री उलटी धरून वर फांदी हलवली की झाडावरचे लहान जीव अलगद तीत पडतात. सकाळी ऊन तापण्यापूर्वी जावे, कारण थंडाव्यात कीटक मंद असतात, आणि पाहण्याचा आरंभ पानाच्या खालच्या बाजूने करावा. अळी बरणीत ठेवावयाची तर ती ज्या झाडावर सापडली त्याच झाडाची ताजी पाने रोज द्यावीत, तारीखवार नोंद करावी, आणि पंख वाळताच फुलपाखरू मोकळे करावे. केसाळ सुरवंटाला हात लावू नये. गांधीलमाशी व आग्यामाशी यांच्या पोळ्यापासून दूर राहावे. मुलांना सोबत घेतले तर फारच उत्तम, कारण त्यांची दृष्टी जमिनीच्या अधिक जवळ असते.

घराच्या आवारात विषारी औषधे सरसहा फवारण्याची जी चाल पडली आहे, ती मात्र या सर्वांच्या मुळावर येणारी आहे. माव्यासाठी मारलेले औषध ढालकिड्यालाही मारते, आणि माव्याची वीण जलद असल्याने पुढच्या पंधरवड्यात तोच अधिक जोमाने परततो.

दिवाळीच्या साफसफाईत भिंती झाडताना मातीची घरे खरवडली जातात, म्हणून वाचकांना एक विनंती करतो. ज्या घराला भोक पडले आहे ते रिकामे झालेले आहे, ते खुशाल काढून टाकावे. ज्याचे तोंड अजून लिंपलेले आहे ते मात्र राहू द्यावे, आणि त्यातून कोण बाहेर येते ते आपल्या मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्यावे.