मुंजीची पत्रिका घरच्या घरी

मैत्रिणींनो, शाळेच्या परीक्षा संपत आल्या की मुंजीचे मुहूर्त निघू लागतात. कार्यालय, आचारी, भटजी ठरले की पत्रिकेचं काम छापखान्यावर सोपवून आपण मोकळ्या होतो. गेल्या वैशाखात आमच्या धाकट्याची मुंज झाली, तेव्हा पत्रिका घरीच करायच्या असं आम्ही ठरवलं. दोन पैसे वाचले हे खरंच. पण त्या निमित्तानं एक गोष्ट उमगली, ती शेवटी सांगते.

आधी यादी करा, पण माणसांची नव्हे, घरांची. दुकानात २२ × २८ इंचांची कार्डशीट मिळते. तिचे ७ × ११ इंचांचे बरोबर आठ तुकडे होतात आणि मधोमध घडी घातली की सुबक पत्रिका तयार. शंभर घरं असतील तर तेरा शीट पुरतात; चुकतमाकत होणारच, म्हणून दोन जास्त घ्या. कागद फार जाड नको, झेरॉक्सच्या यंत्रात अडकतो. नवी पेठेतून सगळा गठ्ठा आणण्याआधी मी एकच शीट आणली आणि तिच्यावर प्रत काढून पाहिली, ते बरं झालं.

मजकूर एकदाच, काळ्या शाईनं, सुवाच्य अक्षरात लिहायचा आणि त्याच्या प्रती काढायच्या. घडी प्रती काढून झाल्यावरच घाला. पट्टी धरून रिकाम्या बॉलपेननं रेघ ओढली की घडी सरळ बसते. सर्वांत शेवटी नक्षी.

नक्षीचं काम मुलाकडे द्या. आपल्या बेने इस्रायल बांधवांत मुलगा तेरा वर्षांचा झाला की बार मिट्झवा होतो, आणि तिथून पुढे धर्माचे नियम पाळण्याची जबाबदारी त्याची स्वतःची समजतात. आपला बटू जेमतेम आठ वर्षांचा. तरी त्याच्याच कार्यात त्यानं नुसतं पाटावर बसून का राहावं? मुंजीत बटूच्या हाती पळसाचा दंड देतात, म्हणून आम्ही पळसाचं पान निवडलं. पळसाला पानं तीनच, तेव्हा छापायलाही सोपं! अर्ध्या बटाट्यावर मी पान कोरून दिलं. बटाटा फडक्यानं कोरडा पुसायचा, पोस्टर कलर घट्टसर ठेवायचा आणि ठसा अलगद उमटवायचा. पत्रिकेवर देवाचं चित्र नसलं म्हणजे पुढे ती रद्दीत टाकताना कुणाच्या जिवाला लागत नाही. हळदीकुंकवाची बोटं मात्र रंग पुरता वाळल्यावरच लावा.

शेजारच्या तेलुगू वहिनींनी त्यांच्या ओळखीच्या घरांसाठी ‘अवश्य यावे’ एवढं तेलुगूत लिहून दिलं. आपल्या सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू एकाच गल्लीत नांदतात. हातानं केलेल्या पत्रिकेत प्रत्येकाला एक ओळ त्याच्या भाषेत देता येते.

आता मजकुराविषयी. तिथी, वार आणि तारीख तिन्ही पंचांगाशी ताडून पाहा. मुहूर्ताची वेळ आणि जेवणाची वेळ वेगवेगळी लिहा. पत्ता लिहिताना कार्यालयाजवळची ठळक खूण द्या.

नमुन्यासाठी मी थोरल्याच्या मुंजीची पत्रिका काढली होती. तीत निमंत्रकांमध्ये सर्वांत वर सासूसासऱ्यांची नावं होती. मामंजी तीन वर्षांपूर्वी गेले. कच्चा मजकूर लिहिताना मी ती ओळ गाळली आणि सुरुवात आमच्या दोघांच्या नावांनी केली. धाकटा जुनी-नवी पत्रिका शेजारी ठेवून वाचत होता. म्हणाला, “आजोबा नाहीत, पण आजी आहे की! तिचं नाव कुठं गेलं?”

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “असंच असतं रे बाळा. शुभकार्याच्या पत्रिकेत आमचं नाव नसतं.”

मैत्रिणींनो, मी शाळेत मुलांना शिकवते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा वर्गात त्याचं कौतुक केलं होतं. आणि घरात? सासूबाईंचं नाव गाळताना माझा हात क्षणभरही अडखळला नव्हता. यादी त्यांनी केली, रुखवताचे लाडू त्यांनी वळले, मामेसासऱ्यांपासून सगळ्यांचे पत्ते त्यांना तोंडपाठ. मग बोलावणं त्यांच्या नावानं का नको?

“लोक काय म्हणतील” यावर दोन दिवस गेले. अखेर त्याच म्हणाल्या, “घालायचं तर नुसतं नाव घाल. पुढे गं. भा. नको, काही नको.” तसंच घातलं, सर्वांत वर. मग चष्मा लावून त्यांनी सबंध मजकूर तपासला आणि माझी ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक काढली!

पत्रिका पोचल्यावर नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंचा फोन आला, “पत्रिकेत वरचं नाव चुकून पडलंय वाटतं.” मी काही बोलणार, तोच सासूबाईंनी फोन हातातून घेतला. “चुकून नाही हो,” त्या म्हणाल्या, “मीच तपासलीय. दहाचा मुहूर्त आहे, वेळेवर या.”

तेव्हा या वर्षी तुमच्याकडे कार्य असेल, तर पत्रिका घरी करा अगर छापून घ्या. पण जुन्या पत्रिकेवरून मजकूर उतरवताना कोणती ओळ गळतेय, तेवढं जरूर पाहा.