मांजराला कावीळ? मग उसाचा रस तुम्हीच प्या!

घरात कुणाला कावीळ झाली की आपल्याकडे तेल-तूप बंद, मांस-मच्छी बंद आणि उसाचा रस सुरू! मांजराच्या काविळीत हे पथ्य जवळजवळ उलटं फिरवायचं. मांजर पक्कं मांसाहारी. आजारातून उठताना त्याला भरपूर प्रथिनं लागतात. मेंदूवर परिणाम दिसला तरच डॉक्टर ती कमी करायला सांगतात. आणि रसाचं म्हणाल, तर त्याला गोड चवच कळत नाही. गोडी ओळखणारं एक जनुक मांजरात निकामी आहे, वाघ आणि चित्त्यातसुद्धा. हे कोडं २००५ मध्ये सुटलं.

काविळीचा पिवळेपणा शोधायचा कुठे? अंगावर तर केस. मग टाळू, हिरड्या, डोळ्यांचा पांढरा भाग आणि कानाची आतली बाजू उजेडात बघायची.

आता खरी गंमत. माणसाचं लिव्हर बहुधा खाऊन-खाऊन चरबाळतं, मांजराचं उपाशी राहून! मांजराच्या काविळीमागे अनेकदा हेच दुखणं असतं; नाव हेपॅटिक लिपिडोसिस. गुबगुबीत बोक्याने काही दिवस अन्न सोडलं की अंगावरची चरबी सुटते आणि लिव्हरमध्ये जाऊन साठते. लिव्हरला ती उरकत नाही. अन्न सोडायला कारण काहीही चालतं: दुसरं एखादं दुखणं, घर बदललं, खाण्याचा ब्रँड बदलला, किंवा तुम्ही गणपतीला गावी गेलात आणि स्वारी शेजाऱ्यांकडे रुसून बसली.

तेव्हा इथे मुख्य औषध म्हणजे जेवण. तोंडाने जात नसेल तर डॉक्टर भूल देऊन मानेच्या बाजूने अन्ननलिकेत एक नळी बसवतात. बघून मालकाच्याच पोटात गोळा येतो. मांजर मात्र ती नळी घेऊन झोपतं, अंग चाटतं, मनात आलं तर ताटलीतलंही खातं. ही नळी कित्येकदा महिना-दीड महिना राहते आणि तेवढे दिवस नर्सिंग होम म्हणजे तुमचं स्वयंपाकघर.

डॉक्टरांनी ठरवून दिलेलं अन्न मिक्सरमधून पातळ काढायचं, गाळायचं, कोमट करायचं. आधी सिरिंजने थोडं पाणी सोडून नळी मोकळी आहे ना ते बघायचं. मग अन्न, अगदी सावकाश, दहा-पंधरा मिनिटं घेऊन. मध्येच मांजर ओठ चाटू लागलं, लाळ गाळू लागलं की हात थांबवायचा. ही मळमळीची खूण. शेवटी पुन्हा पाणी, नाहीतर नळी चोंदते. चोंदलेल्या नळीवर व्हेटांचा एक जुना उतारा ऐका: कोला! पण आधी कोमट पाणी आणि डॉक्टरांना फोन.

चार किलोच्या मांजराला विश्रांतीत दिवसाला साधारण २०० कॅलरी पुरतात, म्हणजे आपल्या दोन पोळ्या. पण पहिल्याच दिवशी तेवढं भरायचं नाही. उपाशी शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम घसरतं, कधी जिवावर बेतेल इतकं. सुरुवात पाव-तृतीयांशाने.

तोंड उघडून बळेच घास कोंबणं हा तर घरगुती छळच. ज्या अन्नाने मळमळलं त्याचा वास मांजर पक्का लक्षात ठेवतं आणि बरं झाल्यावरही त्याला तोंड लावत नाही. त्याचा लाडका पदार्थ म्हणूनच आजारपणात पुढे करू नये. भुकेसाठी मलमही असतं, कानाच्या आत चोळायचं! मूळ औषध माणसांच्या नैराश्यावरचं, मिर्टाझापिन. अमेरिकेत २०१८ मध्ये मांजरांच्या मलमाला मान्यता मिळाली. लावताना हातमोजे घाला, नाहीतर भूक तुम्हाला लागायची. मात्रा व्हेटच ठरवणार, कारण लिव्हर आधीच थकलेलं असतं.

आपल्या औषधांच्या डब्याला मात्र हात लावायचा नाही. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजराच्या जिवावर बेतू शकते. चिकनच्या सूपमधला कांदा-लसूण तांबड्या रक्तपेशी फोडतो.

दिलासा असा, की वेळेवर आणि नेटाने भरवलेली बरीचशी मांजरं यातून वाचतात आणि एकदा सावरल्यावर हा आजार सहसा उलटत नाही. म्हणून लठ्ठ बोक्याने दोन दिवस ताटलीला तोंड लावलं नाही, तर तिसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याला व्हेटकडे न्या.