लेहच्या वाटेसाठी जुनी मोटारसायकल

मनाली-लेह मार्गासाठी वापरलेली मोटारसायकल घेणाऱ्याची नजर बहुधा आधी किलोमीटरच्या आकड्याकडे आणि मग टाकीच्या चकाकीकडे जाते. वास्तविक वर्षानुवर्षे उभी राहून गंजलेल्या कमी किलोमीटरच्या गाडीपेक्षा, वेळच्या वेळी ऑइल बदललेली 40,000 किलोमीटरची गाडी अधिक भरवशाची ठरते.

गाडीची निवड रस्त्यावरून ठरवावी लागते. या मार्गावरील टंडीच्या पेट्रोल पंपावरील पाटी पुढचा पंप 365 किलोमीटरवर असल्याचे वर्षानुवर्षे सांगत आली आहे. लादलेली गाडी चढावर लिटरला 25 किलोमीटर धावली, तर तेवढ्या अंतराला सुमारे साडेचौदा लिटर पेट्रोल लागते. 2016 साली आलेल्या 411 सीसीच्या रॉयल एनफिल्ड हिमालयनची टाकी 15 लिटरची आहे, म्हणजे तिच्यासोबतही जादा कॅन हवाच. मात्र तिचे 220 मिलिमीटरचे ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचा तळ आणि जमीन यांमधले अंतर, आणि पुढचे 21 इंची आऱ्यांचे चाक नाल्यांतल्या गोट्यांवर खरोखर उपयोगी पडते. सुमारे 5,300 मीटर उंचीच्या टांगलांग ला खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा होतो. तेथे कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणारा भाग, विरळ हवेतही जास्त पेट्रोल सोडतो व इंजिन गुदमरते, तर फ्युएल इंजेक्शनची प्रणाली संवेदकांच्या साहाय्याने हे प्रमाण स्वतःच सांभाळते. म्हणूनच हिमालयनची इंजेक्शनवाली, 2017 नंतरची आवृत्ती निवडणे श्रेयस्कर होय.

तपासणी थंड इंजिनावरच करावी. विक्रेत्याने गाडी आधीच तापवून ठेवली असेल, तर सकाळच्या पहिल्या स्टार्टचा त्रास आणि त्या वेळचे आवाज लपून जातात. म्हणून किल्ली फिरवण्यापूर्वी इंजिनाला हात लावून पाहावा. सायलेन्सरमधून सतत निळसर धूर येणे हे ऑइल जळत असल्याचे लक्षण आहे. त्यानंतर गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचे चाक उचलावे आणि हँडल दोन बोटांनी सावकाश फिरवावे: सरळ रेषेत येताच ते खाचेत बसल्यासारखे अडकले, तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग, झिजले आहे. आऱ्यांवर पान्याने टिचकी मारली असता बद्द आवाज देणारा आरा सैल असतो. टायरवरील चार अंकी आकडाही वाचावा. 2319 म्हणजे 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर, आणि त्याची नक्षी कितीही शाबूत दिसली तरी तो बदललेलाच बरा.

कागदपत्रांत आरसीवरील, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरील, चेसीस व इंजिन क्रमांक प्रत्यक्ष ताडून पाहावेत, बँकेचा बोजा उतरल्याची खात्री करावी आणि नमुना 29 व 30 भरून मालकी नावावर करून घ्यावी. त्यानंतर प्रवासातले सगळे सामान बांधून माळशेज किंवा वरंध घाटातून निदान 500 किलोमीटर गाडी चालवावी. कॅरिअरचे सैल बोल्ट, गळणारे फोर्क ऑइल आणि ताणलेली चेन या फेरीतच उघडी पडतात, आणि त्यांचे सुटे भाग तेव्हा पुण्याच्या बाजारात हाताशी असतात.