डी-डायमरचा आकडा वाढला, म्हणून घाबरू नका

घाटकोपर पश्चिमेच्या एका लॅबमध्ये मी रक्त घेते. कोविडआधी ‘डी-डायमर’ हे नाव पेशंटच्या तोंडी क्वचितच यायचं. २०२०नंतर ते मुलुंडपासून अंधेरीपर्यंत घरोघरी पोचलं. आजही रिपोर्टवर आकडा ठळक छापलेला दिसला की लोक धसका घेतात.

रक्त गोठताना फायब्रिनचं जाळं तयार होतं. पुढे शरीरच ते विरघळवतं, तेव्हा रक्तात उतरणारा एक तुकडा म्हणजे डी-डायमर. पण ऑपरेशन, गरोदरपण, न्यूमोनिया, कॅन्सर, नुसतं वाढतं वय, कशानेही तो वाढतो.

खरा उपयोग उलटा आहे. पोटरी सुजलीय, पण तपासल्यावर डॉक्टरांना गुठळीची शक्यता कमी वाटतेय. अशा वेळी आकडा ५०० नॅनोग्रॅमच्या आत आला, तर शिरेत गुठळी बहुतेक नाहीच. पन्नाशीनंतर बरेच डॉक्टर वयाच्या दहापट मर्यादा धरतात: सत्तर वर्षांच्या आजोबांना ७००. मात्र हे आकडे ‘एफईयू’ एककातले. ‘डीडीयू’त ते साधारण निम्मे येतात.

निळ्या टोपणाची ट्यूब मी बरोबर रेघेपर्यंत भरते. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. कमी भरली तर नमुना पुन्हा घ्यावा लागतो.

आकडा जास्त आला, तर पुढची पायरी पायाची डॉपलर सोनोग्राफी. शंका दाट असेल तर डॉक्टर थेट तीच सांगतात. अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तर मात्र लॅबची पायरी चढू नका. राजावाडीसारख्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी गाठा.