क्ष-किरणांना न दिसणारा अस्थिभंग

बऱ्हाणपुरास तापीच्या घाटावर पाय घसरून अथवा जुन्या घराच्या उंबरठ्यास अडखळून एखाद्या आजीबाई पडतात. क्ष-किरणांचे छायाचित्र काढले जाते, हाड शाबूत दिसते, आणि ‘मुका मार आहे, शेकत राहा’ असे म्हणून घरची मंडळी निर्धास्त होतात. आजीबाईंना मात्र पाऊल टेकवत नाही. अशा वेळी विश्वास छायाचित्रावर ठेवावा की त्यांच्या वेदनेवर?

वेदनेवरच ठेवावा. क्ष-किरणांचे चित्र म्हणजे हाडाची सावली होय. वार्धक्यात हाड विरळ झाल्याने ही सावली फिकट पडते. त्यातून भेग केसासारखी बारीक असली आणि तुटलेले भाग एकमेकांत रुतून बसले, तर चित्रात फट उमटतच नाही. खुब्याच्या शंभर अस्थिभंगांपैकी सुमारे २ ते १० पहिल्या चित्रातून असे निसटतात. पाय आखूड होणे, पाऊल बाहेर वळणे या खुणा हाड सरकल्यावरच दिसतात; तोवर रोगी लंगडत चारसुद्धा शकतो.

मग संशय केव्हा घ्यावा? जांघेत, क्वचित केवळ गुडघ्यात, दुखत असेल, पाय सरळ उचलता येत नसेल, मांडी आतबाहेर वळविताच कळ येत असेल तर घ्यावा.

येथे दिरंगाई महागात पडते. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्यास रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या त्याच्या मानेला लगटून जातात. मोडलेल्या मानेवर भार देत राहिल्यास हाड सरकते, वाहिन्या तुटतात आणि ते डोके निर्जीव होऊ शकते. जेथे दोन-तीन स्क्रूंनी भागले असते, तेथे मग कृत्रिम सांधा बसविण्याची पाळी येते.

एम. आर. आय. या चुंबकीय तपासणीत मज्जेतील सूज व रक्तस्राव दिसत असल्याने लपलेली भेग उघड होते. ब्रिटनमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शिकेने अशा रोग्यास हीच तपासणी सुचविली. ती २४ तासांत होण्यासारखी नसेल, किंवा हृदयातील पेसमेकरसारख्या कारणाने वर्ज्य असेल, तर सी. टी. स्कॅनचा विचार करावा, असेही तीत म्हटले आहे.

तोवर रोग्यास चालवू नये, मालिश करवू नये, आणि यंत्र परगावी असल्यास आडवे निजवूनच न्यावे. ‘चित्र स्वच्छ आहे, तरी पाय टेकवत नाही, पुढची तपासणी करावी का?’ असे डॉक्टरांस विचारण्यात अविश्वास मुळीच नाही. त्या एका प्रश्नाने आजीबाई पुन्हा आपल्या पायांवर उभ्या राहू शकतील.